बिनफाटकाचं शहर

व्हिएन्नाच्या भुयारी रेल्वेत शिरताना कुणीही अडवत नाही. फाटक नाही, कार्ड टेकवल्यावर उघडणारी झडप नाही, टेबलामागे पेंगणारा माणूस नाही. फलाटाकडे जाताना वाटेत एक छोटी पेटी लागते. तिकीट तिच्यात सरकवलं की तारीख-वेळेचा शिक्का उमटतो. तो मारायचं काम तुमचं. नाही मारला तरी गाडी येते आणि काही न विचारता आत घेते. कंडक्टरने चिमटा वाजवत 'तिकीट, तिकीट' केल्याशिवाय ज्यांना प्रवास सुरू झाल्यासारखं वाटत नाही, त्या आमच्यासारख्यांना हा विश्वास फार जड जातो. आमची ही तर शिक्का मारलेलं तिकीट प्रसादासारखं ओंजळीत धरून बसायची. "दिसू दे सगळ्यांना," म्हणायची. बघत कुणीच नव्हतं.

म्हणजे, तसं वाटत होतं. तिथले तपासनीस पुष्कळदा साध्या कपड्यांत फिरतात. कधीकाळी काळी टोपी घालत म्हणून लोक त्यांना अजून श्वार्त्सकाप्लर म्हणतात. टोपी मात्र गेली, त्यामुळे संशय नेमका कुणावर घ्यायचा ते कळत नाही. विस्कटलेल्या केसांचा, कानात गाणी कोंबलेला पोरगा अचानक उठून ओळखपत्र दाखवतो आणि फुकट्याच्या खिशातून शंभरावर युरो जातात. पण खरी मेख दंडात नव्हती, दरात होती. 2012 साली शहराने वर्षाचा पास 365 युरोंवर आणला, म्हणजे रोजचा एक युरो, आणि पुढे दहाहून अधिक वर्षं त्याला हात लावला नाही. इतक्या स्वस्तात सज्जन राहता येत होतं, तर लबाडीची यातायात कोण करील? आम्ही उगाच तिथल्या लोकांच्या संस्कारांना श्रेय देत होतो.

नकाशा बघितला की मात्र या शिस्तीवरचा विश्वास जरा डळमळतो. यू-1, यू-2, यू-3, यू-4 आणि मग थेट यू-6! पाच नंबर कागदावर होता, जमिनीखाली नव्हता. 1978 मध्ये यू-1 सुरू झाली, 1989 मध्ये यू-6 आली, आणि पाचाचं खोदकाम आत्ता कुठे चाललंय. आपल्याकडे लाइन इतकी रखडली असती तर निदान भूमिपूजन तरी दोनदा झालं असतं.

गाडीत कमालीची शांतता. कुत्र्यांना प्रवासाची मुभा आहे, पण मुसकं बांधून. 2019 पासून भुयारी गाड्यांत खायलाही बंदी आहे. तेव्हा माणूस आणि कुत्रा, दोघांचीही तोंडं बंद. आमच्या पिशवीतला चिवडा मुकाट्याने मुक्कामापर्यंत यायचा. नाकाची मात्र तशी सोय नाही. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात यू-6 च्या प्रवाशांना चक्क फुकट डिओडरंट वाटले होते. हे वाचून आमचा लोकलविषयीचा न्यूनगंड बराच कमी झाला.

पायी चालण्यात वेगळी गंमत. आपली मान सवयीने उजवीकडे वळते आणि ट्राम येते डावीकडून. 1938 पर्यंत व्हिएन्नाही डावीकडूनच चालायचं. हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि रस्त्याचीही बाजू बदलली. एका माणसाच्या पापाची झळ किती लांबवर पोचावी! रात्री साडेदहाला दोन्ही बाजूंनी रस्ता ओसाड, तरी लाल दिव्यापाशी पाच-सहा माणसं हिरव्याची वाट बघत उभी. आपण पाऊल उचलायला जावं तर शेजारच्या आजी अशा बघतात की पाऊल आपोआप मागे येतं.

त्यात काही सिग्नलांवर एकट्या माणसाऐवजी जोडपी आहेत. 2015 च्या युरोव्हिजन गायनस्पर्धेच्या निमित्ताने शहराने ती बसवली: स्त्री-पुरुष, दोन स्त्रिया, दोन पुरुष, हातात हात आणि शेजारी बदाम. आम्हाला त्याचा भलताच ताप झाला. "बघा," ही म्हणाली, "ती दोघं थांबतातही हात धरून आणि चालतातही हात धरून. तुम्ही कायम चार पावलं पुढे." त्यानंतर बरोबरीने चालायचा प्रयत्न केला, तर निम्मा मी सायकलच्या पट्ट्यात. मागून घंटी, मग जर्मनमध्ये काहीतरी. अर्थ विचारायची गरज पडली नाही.

चालून पाय भरून आले की डी नंबरची ट्राम धरावी आणि कार्ल मार्क्स होफ बघून यावं. कामगारांसाठी बांधलेली ही इमारत किलोमीटरहून लांब आहे; तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ट्रामचे चार स्टॉप लागतात. तिथे शेजाऱ्याकडे विरजण मागायला जायचं तरी पास लागत असेल.

जाणार असाल तर रिंगरस्ता बघायला वेगळ्या सहलीचे पैसे घालवू नका. 1, 2 आणि डी या साध्या ट्राम त्याच रस्त्याने धावतात. सायकलचा पट्टा सांभाळा. आणि दिवा लाल असेल तर थांबा. शेजारी आजी असतील तर नक्कीच थांबा.