अर्धी म्हैस

आमच्या आस्थापना शाखेत टेबलं सहा, पंखे तीन आणि आवाज एक. तो भाऊसाहेबांचा. हे त्यांचं नाव नव्हे. आमच्या कार्यालयात पन्नाशी ओलांडलेला प्रत्येक पुरुष भाऊसाहेब नाहीतर रावसाहेब असतो, त्यामुळे ओळख उघडी पडण्याची भीती नाही. माणूस म्हणून भाऊसाहेब सोनं. कोणाच्या घरी दुखलं-खुपलं की आधी तेच धावणार, मार्चअखेरीला रात्री उशिरापर्यंत बसणार, गावाकडून येताना अख्ख्या शाखेसाठी हुरडा आणणार. सवयींचं म्हणाल तर खुर्चीवर मांडी घालतात, अकराच्या ठोक्याला खणातली चिवड्याची पिशवी वाजवतात आणि नखं कापायला त्यांना नेमकी सोमवारची सकाळ सापडते. हे सगळं सोसता येतं. सोसवत नाही तो फोन.

मोबाइल हे लांबच्या माणसाशी बोलायचं यंत्र असल्यामुळे माणूस जितका लांब तितका आवाज मोठा, असा त्यांचा हिशेब आहे. तालुक्याचा फोन असला तर टेबलावरचे कागद हलतात, मुंबईचा असला तर खिडकीची तावदानं. पुतण्या दुबईला असतो. तो रविवारीच फोन करतो, ही शासनावर देवाची कृपा.

आमच्या कुंपणाला लागून न्यायालय आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत न्यायालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो आणि तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबलची. फाटकावर हॉर्नवर काट मारलेला फलकही आहे. चारचौघांचं साधं बोलणंच ६० डेसिबलच्या घरात जातं, तेव्हा भाऊसाहेबांचा आकडा काढत बसण्यात अर्थ नव्हता.

पण खरं सांगू? आवाजाचा त्रास नाहीच. बाहेर डंपर जातात, वर पंखा खडखडतो, झेरॉक्स मशीन कण्हत असतं. त्या सगळ्यात मी वेतननिश्चितीचं कोष्टक बिनचूक भरते. त्रास होतो तो असा:

"हां, बोल... हां... काय सांगतो! कधी?... पण म्हैस कोणाची?"

इथे माझं पेन थांबतं.

"बरं... मग विहिरीत पडली कशी?... अरे, तिचं नाही विचारत, म्हशीचं विचारतोय... हां... सरपंच काय म्हणाले?... असं बोलली ती? सरपंचांसमोर?..."

मग मोठी शांतता. पंखासुद्धा ऐकत असावा.

"...म्हणजे लग्न मोडलं म्हण की!"

फोन बंद. भाऊसाहेब शांतपणे चष्मा पुसतात आणि नस्ती उघडतात. आम्ही बाकीचे मात्र विहिरीच्या काठावरच. म्हैस पडली, तर लग्न का मोडलं? 'ती' कोण? आणि म्हैस निघाली की नाही? विचारायची सोय नाही, कारण विचारलं की आपण दुसऱ्याचं बोलणं कान देऊन ऐकत होतो हे कबूल केल्यासारखं होतं. समोरच्या मॅडम त्या दिवशी बिंदुनामावली तपासत होत्या. दुपार सरली तरी एकच रकाना लिहिणं आणि खोडणं चालू होतं. टपाल द्यायला आलेला शिपाई टपाल हातात धरून उभाच.

याला शास्त्राचा आधार आहे हे पुढे वाचनात आलं, तेव्हा जरा बरं वाटलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या लॉरेन एम्बरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना संगणकाच्या पडद्यावर फिरणाऱ्या ठिपक्यामागे माउस न्यायला बसवलं आणि त्यांच्या कानावर बोलणं सोडलं. कधी दोघांचं, कधी एकट्याचं, कधी फोनवरचं एकाच बाजूचं. दोन्ही बाजू ऐकू येत होत्या तेव्हा काम फारसं बिघडलं नाही, एकट्याच्या भाषणानेही नाही. अर्ध्या संवादाने मात्र लक्ष ढळलं. पुढे काय येणार याचा अंदाज लागत नाही, म्हणून मेंदू हातातलं काम टाकून गाळलेल्या जागा भरायला बसतो. कॉर्नेलला ठिपका होता. आमच्याकडे म्हैस.

उपाय शोधायला सरकारी माणसाला लांब जावं लागत नाही. परिपत्रक असतंच. कार्यालयात मोबाइल कसा वापरावा याच्या सूचना सामान्य प्रशासन विभागाने जुलै २०२१ मध्येच काढलेल्या आहेत: शक्यतो लँडलाइन वापरा, मोबाइलवर सौम्य आवाजात बोला, खासगी फोन कक्षाबाहेर जाऊन घ्या. मी प्रत काढली, 'माहितीसाठी व अनुपालनार्थ' असा शेरा मारला आणि सगळ्या शाखेच्या सह्या घेत फिरवली, म्हणजे एकट्याला लागायला नको. भाऊसाहेबांनी ती मनापासून वाचली, सही ठोकली आणि तालुक्याच्या भाऊसाहेबांना फोन लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवली. "तुमच्याकडे आलंय का हे? फार चांगलं काढलंय बघा. लोक काय जोरात बोलतात हल्ली!"

तरी माणूस आज्ञाधारक. दुसऱ्या दिवसापासून फोन वाजला की उठून व्हरांड्यात जाऊ लागले. सुटलो म्हणून आम्ही चहा मागवला, तो येईपर्यंत आनंद टिकला. भाऊसाहेबांना येरझाऱ्या घालत बोलायची सवय आणि व्हरांडा आमच्या खिडकीला लागून. खिडकीपाशी आले की एक वाक्य आत येणार, जिन्याकडे वळले की गुडुप. म्हणजे अर्ध्यातलंही अर्धं! "...आता कठड्याचा खर्च कोणी करायचा?" एवढं ऐकू आलं आणि स्वारी जिन्याकडे. बिंदुनामावलीच्या मॅडमनी 'उजेड कमी पडतो' या कारणास्तव टेबल खिडकीशी हलवण्याबाबत लेखी विनंती केली. शिपाई व्हरांड्यातल्या कुंड्यांना पाणी घालायला लागला. त्यांतली दोन रोपं कुजली.

शेवटी मीच तोंड उघडलं. "भाऊसाहेब, आत बसूनच बोला. फक्त स्पीकर लावा."

त्यांना वाटलं, टोमणा. "मॅडम, आवाज होतो ना जरा..."

"होऊ द्या. पलीकडचं पण ऐकू येऊ द्या."

ते काही वेळ बघत राहिले. "म्हणजे तुम्ही ऐकताय होय?"

"सगळेच ऐकतात."

भाऊसाहेबांचा चेहरा असा उजळला की पदोन्नतीची यादी लागली तेव्हाही उजळला नव्हता.

स्पीकर लागला आणि उलगडा झाला. पलीकडे असतो तो त्यांचा मेहुणा. म्हैस नवरदेवाकडची, विहीर नवरीकडची. विहिरीला कठडा नव्हता, आणि त्यावरून नवरीच्या आत्याने सरपंचांसमोर दोन शब्द जास्त वापरले. एवढंच. म्हैस त्याच दिवशी निघाली होती, धडधाकट. हे ऐकायला आम्ही किती दिवस झुरलो! मेहुणा माणूस सज्जन, पण बोलायला लागला की पाऊस, सोयाबीनचा भाव आणि गुडघा या पलीकडे जात नाही. पाच मिनिटांत शाखेतला एकही कान त्याच्याकडे नसतो आणि नस्त्या धडाधड पुढे सरकतात. खासगीपणाचं म्हणाल, तर आपलं बोलणं शाखा ऐकते हे त्याला सांगितलेलं आहे. तो आता फोन लागला की आधी मॅडम लोकांना नमस्कार सांगतो.

तेव्हा सामान्य प्रशासन विभागास नम्र विनंती आहे की, सदर सूचनांमध्ये यथावकाश सुधारणा व्हावी. खासगी फोन घ्यायचा तर फाटकाबाहेर जाऊन घ्यावा, नाहीतर पलीकडच्याला कल्पना देऊन स्पीकरवर घ्यावा. व्हरांडा चालणार नाही.