वेळ काय फुकट आहे?

मुलाखत संपली की समोरचा माणूस उठतो, हात पुढे करतो आणि म्हणतो, "कळवतो." आजवर किती जणांनी कळवलं? नोकरी शोधणाऱ्या कुणालाही विचारा.

नकाराचं काही वाटत नाही. नकार आला की माणूस पुढचं दार ठोठावतो. उत्तरच न देणं हा मात्र उद्धटपणा आहे. तो इतका रुळलाय की त्याला उद्धटपणा म्हणायचंही लोकांनी सोडून दिलंय.

मी सध्या नोकरी शोधतोय. मुलुंडमध्ये माझ्यासारखे बरेच आहेत. सकाळची गर्दी ओसरल्यावर इस्त्रीचा शर्ट घालून, हातात प्लॅस्टिकची फाइल धरून चाळिशीपुढचा माणूस फलाटावर उभा दिसला, तर तो कामावर निघालेला नाही. त्याला कुणीतरी अकराची वेळ दिलेली आहे.

घाटकोपरला उतरायचं, मेट्रो धरायची, अंधेरीतल्या एखाद्या काचेच्या इमारतीखाली उभं राहायचं. गेटवरच्या वहीत नाव, नंबर, कुणाला भेटायचंय. छोट्या कॅमेऱ्यासमोर फोटो. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर गोल स्टिकर. मग वरच्या मजल्यावर सोफा. अकराचे साडेबारा होतात, कुणी पाणीही विचारत नाही.

उमेदवार अर्धा तास उशिरा आला असता तर?

आत गेल्यावर पहिला प्रश्न ठरलेला. "मध्ये हा गॅप का?" अहो, गॅप उमेदवाराने पाडलेला नाही. त्याच्या कंपनीने अख्खा विभाग बंद केला. विचारणाऱ्यालाही हे कळतं, कारण त्याच्या मजल्यावरच्याही अर्ध्या खुर्च्या रिकाम्या आहेत.

दुसरा प्रश्न, आधीचा पगार किती? भाजीवाल्याला कुणी विचारतं का, काल कितीला विकलीस ते सांग, मग आजचा भाव ठरवू? कामाची किंमत कामावरून ठरवा. आणि ती जाहिरातीतच छापा, म्हणजे दोघांचाही दिवस वाचेल.

तिसऱ्या फेरीत गृहपाठ. आमच्या नव्या उत्पादनासाठी सहा महिन्यांची योजना करून पाठवा, सोमवारी सकाळपर्यंत. शनिवार-रविवार त्यात जातो. योजना पोचते, पोचल्याची दोन ओळींची मेल येते आणि त्यानंतर शांतता. गृहपाठ हे काम आहे आणि कामाचे पैसे द्यायचे असतात. यात न समजण्यासारखं काय आहे?

एवढा माज येतो कुठून? रांगेतून.

जुलै २०२४ मध्ये कलिन्याला विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामासाठी थेट मुलाखती होत्या. जागा २,२०० च्या आसपास, माणसं आली २५ हजारांच्या घरात. त्यांत पदवीधरही होते. शेवटी अर्ज ठेवा आणि घरी जा, असं सांगावं लागलं. त्याच वर्षी राज्याच्या पोलीस भरतीत १७ हजारांवर जागा आणि १७ लाखांवर अर्ज. एका जागेमागे शंभर जण उभे असले की नव्व्याण्णवांना उत्तर द्यायची गरज कुणाला वाटणार?

कायदा नव्हता असं नाही. २५ किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर रिकाम्या जागा रोजगार विनिमय केंद्राला कळवा, असं १९५९ चा कायदा सांगत होता. खासगी कंपन्यांनाही. पण त्या केंद्रामार्फतच भरा, असं सांगत नव्हता. जागा कळवायची सरकारला. उमेदवाराला काय कळवायचं, यावर त्या कायद्यात चकार शब्द नव्हता.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने तो शब्द घातला. २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने जाहीर जाहिरात देऊन मुलाखत घेतली, तर शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांत निर्णय झाला की नाही ते उमेदवाराला सांगायचं. जाहिरातीत पगाराचा आकडाही द्यायचा. १ जानेवारी २०२६ पासून हे लागू आहे. टोरांटोत राहणाऱ्या आपल्या भाच्याला उत्तर मिळतं, मुलुंडच्या मामाने मात्र वाट बघत बसायचं.

का? मामाला मान नाही?

वाट बघताना तब्येतही सांभाळावी लागते. आता खोकल्याचंच घ्या. मुलुंडमध्ये खोकला कुणाला नाही? दर दोन इमारतींपलीकडे एक पाडकाम, एक बांधकाम. पूर्वेला हरिओम नगरच्या बाजूला डम्पिंग ग्राउंड. १९६७ पासून तिथे कचरा पडत होता, २०१८ मध्ये टाकणं थांबलं, ७० लाख टनांचा ढीग सहा वर्षांत हटवायचं ठरलं. मुदत उलटली, ढीग पुरता हटला नाही. ते कुणाला कळवलं? श्वास घेणाऱ्यांना नक्कीच नाही.

डॉक्टर म्हणतात व्हायरल आहे, आठवडाभर वाफ घ्या, आराम करा. बरोबरच सांगतात. पण मुलाखत परवा असते. मग माणूस थेट केमिस्टकडे जातो आणि अँटिबायोटिक मागतो. विषाणूवर ते काही करत नाही हे दोघांनाही माहीत असतं. चिठ्ठी तर लागतेच, एच-१ यादीतल्या अँटिबायोटिकच्या विक्रीची २०१४ पासून वेगळी नोंदही लागते. काउंटरवर विचारतो कोण?

नोकरदार आजारी पडला की रजा टाकतो. नोकरी शोधणाऱ्याने रजा कुणाकडे टाकायची? तो तोंडात लवंग धरतो, एसीच्या थेट झोताखाली बसतो आणि दोन वाक्यांच्या मध्ये खोकला गिळतो. सर्दीखोकल्याला घाबरणारा हा माणूस नाही. "तब्येत नाजूक दिसते" एवढा शेरा पडेल, याची त्याला भीती आहे.

आणि जास्त काही निघालं तर? कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवसाबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, पण त्यासाठी वेळेत अर्ज करावा लागतो. निरोपाच्या दिवशी लॅपटॉप, ओळखपत्र, ड्रॉवरची किल्ली सगळं आठवणीने परत मागतात. विम्याचं हे मात्र सांगत नाहीत. ज्याच्या आईला मधुमेह आहे आणि स्वतःला रक्तदाब, त्याला हे एक वाक्य किती मोलाचं असतं!

मुलुंड पश्चिमेला कामगार विमा रुग्णालय आहे. लालबहादूर शास्त्री मार्गावर कारखाने होते त्या काळाची ती सोय. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ही विमा योजना लागू. तिच्यातच २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. अटींत बसणाऱ्या विमाधारकाची नोकरी गेली, तर सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा. पगारातून वर्गणी कापली जाते त्या सिक्युरिटी गार्डला, पॅकिंगवाल्याला हे कुणी सांगितलंय का? वर्गणी कापताना सगळ्यांचा पत्ता बरोबर सापडतो.

घरी बसलेल्या माणसाला तिसराच ताप. "अरे, मोकळाच आहेस ना?" शेजारचे काका लाइट बिल देतात. वहिनी गॅसवाल्यासाठी थांबायला सांगतात. सोसायटीचे सेक्रेटरी टाकी साफ करणाऱ्यांवर लक्ष ठेवायला बसवतात. प्रेमानेच सांगतात सगळे. पण अर्ज लिहिणं, फोन करणं, चार तास प्रवास करून पंधरा मिनिटांची मुलाखत देणं, हे काम आहे हे कुणाच्या हिशेबात नाही. कंपनीने वेळ फुकट धरला, तो घरानेही फुकटच धरला.

त्यातून वाचलेला वेळ मी वाचनाला देतो.

नोकरी गेली की लोक प्रेरणेची पुस्तकं भेट देतात. पहाटे उठा, स्वतःला बदला, मनातला अडथळा ओळखा. सगळ्यांचा निष्कर्ष एकच, दोष तुझ्यात आहे. विभाग बंद करणारा कुठल्याच प्रकरणात भेटत नाही.

तो भेटायला जयंत पवारांचं 'अधांतर' काढावं लागतं. १९९७ चं नाटक. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतरचं परळचं एक घर. मुलं घरात आहेत, काम नाही, आणि प्रत्येक जण दुसऱ्यावर भडकतोय. त्या पोरांनी स्वतःला बदलून गिरणी सुरू झाली असती का? नोकरी गेलेल्या माणसाला आधी हे सांगायला हवं की घर फुटतं ते त्याच्या आळसाने नव्हे. पवारांनी ते न रडता सांगितलंय. गेल्या आठवड्यात ते परत वाचलं आणि घरातल्यांशी चढ्या आवाजात बोलणं मी थांबवलं. भेट आलेल्या एकाही पुस्तकाने हे केलं नव्हतं.

आता भालचंद्र नेमाड्यांचा चांगदेव. 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल'. १९७५ ते १९७९ या काळात आलेल्या चार कादंबऱ्या आणि एक प्राध्यापक, या कॉलेजातून त्या कॉलेजात, या गावातून त्या गावात. 'कोसला'चे चाहते गल्लोगल्ली भेटतात, चांगदेवला विचारणारे कमी. नोकरी माणसाला कुठे कुठे वाकवते, हे इतकं बारकाईने लिहिलेलं असून भरतीवाल्यांच्या अभ्यासक्रमात ते का नाही?

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे, मुलुंडहून एक स्टेशन. मुलुंडात महाराष्ट्र सेवा संघ आहे. दुपारी वाचनालयात जाऊन बसा. पेपरचं जाहिरातींचं पान कुणाच्या तरी हातात असतं आणि तो माणूस ते पहिल्या पानापेक्षा जास्त वेळ वाचतो. "गॅप का?" असं तिथे कुणी विचारत नाही.

चांगदेवचे तीन भाग माझे वाचून झाले, 'झूल' राहिलीय. त्यासाठी गुरुवारची दुपार ठेवली आहे. काकांना तसं सांगितलं. ते जरा घुटमळले, मग म्हणाले, "बरं, बिल मी मुलाला भरायला सांगतो."