वाघ नेमका किती फुटांवर होता?

ताडोब्याच्या मोहर्ली गेटमधून सकाळची जिप्सी बाहेर पडली, की चहाच्या टपरीवर वाघाचं अंतर ठरवायला बैठक बसते. पुढच्या सीटवरचे काका तीस फूट म्हणतात, मागच्या सीटवरच्या काकू दहा. नागपूर येईपर्यंत वाघानं जिप्सीच्या चाकाला अंग घासलेलं असतं.

काकांना दोष देण्यात अर्थ नाही. डोळ्याच्या पडद्यावर उमटतं ते सपाट चित्र, त्यात खोली भरायची ती मेंदूनं. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे दोघांची चित्रं किंचित वेगळी. या फरकातूनच खोली जाणवते, हे चार्ल्स व्हीटस्टननं १८३८ मध्ये आरशांच्या स्टिरिओस्कोपनं दाखवून दिलं. पण वस्तू लांब गेली की हा फरक झपाट्यानं आटतो. सुईत दोरा ओवायला उत्तम असलेले डोळे ताडोब्यात उधारीवर जगतात.

उधारी कुणाची? बांबूनं सागाला झाकलं, तर बांबू अलीकडे. इरई धरणापलीकडची झाडं निळसर, फिकट दिसली, तर ती लांब. आणि सगळ्यात खात्रीची खूण चालत्या जिप्सीत मिळते: जवळची झाडं सपकन मागं पळतात, दूरची रेंगाळतात.

वाघाचे पट्टे घाव घालतात ते पहिल्या खुणेवर. अंगाची कडच तुटते. बांबू कुठं संपला आणि वाघ कुठं सुरू झाला, कळत नाही. चितळाची तर आणखी फजिती, त्याला वाघाचा नारिंगी रंग हिरवटच भासतो. वानराचे डोळे मात्र आपल्यासारखे समोर, रंगही आपल्यासारखेच दिसतात, शिवाय बसायला झाडाचा शेंडा. त्याचा ‘खॉक’ ऐकला की गाइड ताठ होतो.

“तो पाहा जी, मोहाच्या मागं!” गाइड कुजबुजतो. ड्रायव्हर ब्रेक दाबतो, सगळे श्वास रोखून पुतळे होतात, आणि पळणाऱ्या झाडांची ती खात्रीची खूण तिथंच मरते. अर्धी जिप्सी मोहाकडे बघते, अर्धी गाइडच्या बोटाकडे.

पुढचा गोंधळ कॅमेऱ्याचा. लांबून मोठ्या लेन्सनं टिपलेल्या फोटोत वाघ आणि मागची जिप्सी एकमेकांना चिकटलेले दिसतात. काकू तो पुरावा म्हणून दाखवतात.

तेव्हा मोहर्लीला जाणार असाल तर गाडी थांबल्यावर मान तरी डावी-उजवी हलवत राहा. झाडं सरकतील, वाघ सुटा होईल. आणि मंगळवार टाळा, त्या दिवशी सफारी बंद असते.