आधी गुडघे, मग बाकीचं

लग्नाच्या हॉलमध्ये पन्नाशीपुढच्या बायका कुठे बसतात, ते एकदा पाहून ठेवा. स्टेज धड दिसत नाही, पंख्याचा वारा येत नाही, तरी काही जणी रांगेतली कडेची खुर्ची सोडत नाहीत. साडी गडद रंगाची. मठ्ठ्याचा ग्लास शेजारणीकडे सरकवलेला. विहिणीने विनोद केला की बाकीच्या टाळ्या देऊन हसतात. या पायावर पाय आवळून नुसत्या गालात हसतात. खोकलं, शिंकलं, हसलं की लघवीचे चार थेंब सुटतात, एवढंच. पण त्या चार थेंबांसाठी या बाईने जी यंत्रणा उभी केलेली असते, ती पाहून कुठल्याही महापालिकेने तिच्याकडे पाणीपुरवठा खातं सोपवावं.

मग ती डॉक्टरकडे का जात नाही? 'लाजते' म्हणून आपण मोकळे होतो. लाजते हे खरंच, पण हे उत्तर फार सोयीचं आहे. त्यात बाकी कुणाचा दोषच निघत नाही. तिने आईला सांगून पाहिलेलं असतं. आई म्हणाली, "बाळंतपणानंतर होतंच गं." सासूबाई म्हणाल्या, "आमचं तर अंग बाहेर आलं होतं, आम्ही गेलो का कुठे?" मैत्रिणीने पॅड सुचवलं. ते मेडिकलवाला वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून असं देतो की जणू चोरीचा माल.

तरी एखादी जातेच दवाखान्यात. काउंटरवरची मुलगी भरल्या वेटिंगमध्ये विचारते, "काय होतंय?" बाई म्हणते, "गुडघे." आत गुडघे तपासून होतात, गोळ्या लिहून होतात. दाराला हात लावल्यावर ती वळते. "डॉक्टर, अजून एक होतं..." सोबत आलेला मुलगा मोबाइलमधून मान वर करतो. "काही नाही, कॅल्शियम चालू ठेवू ना?" आणि एखादीने वाक्य पुरं केलंच, तर समोरून येतं, "वय किती? बाळंतपणं किती? मग चालायचंच." पंचावन्न हे वय आहे की निदान?

याच घरात यजमान रात्री तीनदा उठू लागले की आठवड्यात सोनोग्राफी होते. प्रोस्टेटची फाइल टीपॉयवर असते आणि पीएसए या रक्तचाचणीचा आकडा पाहुण्यांना चहाबरोबर मिळतो.

बाई स्वतःचा उपाय स्वतः काढते: पाणी तोडते. कसाऱ्याहून मुंबईला लोकलने अडीच तास लागतात, डब्यात शौचालय नाही, आणि स्टेशनवरच्याची अवस्था सांगायला नको. मुंबईत बायकांच्या मुताऱ्यांसाठी 'राइट टू पी' मोहीम २०११ पासून भांडते आहे, यातच काय ते आलं. तर सकाळपासून फक्त चहा. पाणी कमी म्हणून लघवी दाट, दाट लघवीने मूत्राशय चिडतं, चहाने घाई आणखी वाढते, वर जंतुसंसर्गाची भीती.

वैताग याचा की इलाज ना नवा, ना महाग. आर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्येच कटितळाच्या स्नायूंचा व्यायाम मांडला. वारा अडवताना जे स्नायू आत खेचले जातात ते आवळायचे, थोडा वेळ धरायचे, सैल सोडायचे. रोज, निदान तीन महिने. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घेतलं तर उत्तम. शिंकेसरशी गळणाऱ्या पुष्कळ बायकांना एवढ्यानेच फरक पडतो. अचानक घाई होणाऱ्यांसाठी ठरावीक वेळांची सवय आहे, गोळ्या आहेत. शिंकेचं कशानेच हटलं नाही, तर मूत्रमार्गाला आधार देणारी शस्त्रक्रियाही आहे. व्यायामाला सतरंजीसुद्धा लागत नाही, भाजी निवडता निवडता होतो. बाळंतिणीला आपण डिंकाचे लाडू, शेकशेगडी, पोटपट्टा, मालिशवाली, सगळं सांगतो. हेच तेवढं राहतं. फुकटचं आहे ना, बिल कशाचं फाडणार?

तेव्हा यजमानांसाठी युरॉलॉजिस्टची वेळ घ्याल, तेव्हा पुढची वेळ बाईंच्या नावाने घ्या. मुलाला बाहेर बसवा. काउंटरवर हवं तर 'गुडघे' सांगा. आत गेल्यावर मात्र गुडघ्यांचं शेवटी काढा.