पिंक फ्लॉइडला पावणेनऊ

महापालिकेचं पूर्ण नाव सांगली, मिरज आणि कुपवाड. 1998 साली पाटी रंगली तेव्हापासून आम्ही तिसरे. सांगलीकडं गणपती आणि नाटक, मिरजेकडं सतार आणि जंक्शन, आमच्याकडं एमआयडीसी. बँडमध्ये ड्रम बडवणाऱ्याचं जे स्थान, तेच महापालिकेत कुपवाडचं. तो थांबला की सगळं कोसळतं, पण फोटोत तो कायम मागं. रॉक संगीत खरं कळतं ते आम्हालाच, असं आमच्या मंडळाचं मत पडलं ते बहुधा यामुळंच.

मंडळ म्हणजे पन्नाशी उलटलेले सहाजण. दर शनिवारी संध्याकाळी एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये जमायचं, जुना एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा आणि दहापैकी गुण द्यायचे. ऐकताना बोलायचं नाही हा नियम. कोण बोललं यावर बोलण्यातच पहिले दोन शनिवार गेले. गुण द्यायचे कशाला, हे मात्र कुणीच विचारलं नाही. ज्यांना दहावीच्या भूमितीत पस्तीस पडले होते, ते आता पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरचा पाव गुण कापतात. सूड उगवायला माणसाला जागा लागते.

पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'चा शनिवार अजून आठवतो. अल्बम 1973चा, लांबी जेमतेम त्रेचाळीस मिनिटं. आम्हाला पावणेदोन तास लागले. सुरुवातीला हृदयाचे ठोके आहेत. ते संपेनात म्हणून शेडमालक उठून बघून आले, तर शेजारच्या शेडमधली पॉवर प्रेस. खरे ठोके कधीच होऊन गेले होते. मग 'टाइम'मधली घड्याळं एकदम घणघणली आणि आमचे फाउंड्रीवाले सवयीनं डबा उचलून उभे राहिले. तीस वर्षं पाळी केलेल्या माणसाला घंटा झाल्यावर बसून राहा म्हणणं हा अन्यायच आहे. त्यांनी या गाण्याला दहापैकी दहा दिले. कारण विचारलं, तर म्हणाले, "वेळेत वाजली."

रेकॉर्ड उलटायच्या वेळी चहा आणि भडंग. सांगलीचं भडंग आणि रॉजर वॉटर्सचा बेस एकाच कानात मावत नाहीत, हा आमचा स्वतःचा शोध. दुसरी बाजू 'मनी'नं सुरू होते. गल्ल्याचा खणखणाट, नाण्यांची खळखळ. पतसंस्थेतून निवृत्त झालेले सदस्य प्रथमच सरसावून बसले. पण खरा राडा केला मिरजेहून येणाऱ्या तबलजींनी. ते मांडीवर मोजत होते. "सात मात्रा. रूपक आहे हो!" त्यांचा चेहरा असा उजळला की गोऱ्यांनी आपल्याच गल्लीत शिकवणी लावली होती जणू. समेवरच खाली, सगळं जागच्या जागी. सॅक्सोफोनपर्यंत ते खूश होते. मग गिटारचा तुकडा आला आणि चाल सातावरून चारावर गेली. तबलजींचा हात हवेतच राहिला. "ताल सोडला यानं," एवढंच बोलले आणि अर्धा गुण कापला. गाणं पुन्हा सातावर आलं, अर्धा गुण परत आला नाही.

याच तबलजींनी त्याआधी बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'ला एक गुण जादा मिळवून दिला होता. 1967च्या त्या अल्बमात जॉर्ज हॅरिसनचं सतारीचं गाणं आहे आणि सतार म्हटलं की मिरज, हे अपील नसलेलं कलम. 2024 साली मिरजेच्या सतारीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर बोलायचीच सोय नाही. हॅरिसननं पहिली सतार लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या दुकानात घेतली, असं मी भीतभीत म्हणालो. तबलजी म्हणाले, "आणि भोपळा कुठं पिकला? लंडनात?" ठराव पाच विरुद्ध एक मतानं मंजूर.

लेड झेपेलिनचा 1971चा चौथा अल्बम करसल्लागारांनी अडवून धरला. कव्हरवर बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही, नुसता मोळी पाठीवर घेतलेला म्हातारा. "फर्मचं नाव नसलेलं बिल मी पास करू?" अल्बम ऐकून झाला, डोळे पुसून झाले, तरी गुण 'कागदपत्रांच्या पूर्ततेअभावी प्रलंबित'.

या सगळ्यांत शहाणा माणूस एकच, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर आयुष्य काढलेला. त्याला दहापैकी वगैरे जमत नाही. तो चार दाणे तळहातावर घेतल्यासारखा गाणं ऐकतो आणि सांगतो: हिरवा, पिवळा, काळा. 'सार्जंट पेपर' हिरवा, पण पेटीत खाली थोडा पिवळा मिसळलाय. हे वाक्य ऐकून मी गप्प बसलो. त्या अल्बमबद्दल मी इंग्रजीतून बरंच वाचलंय, इतकं नेमकं कुठं वाचल्याचं आठवत नाही. आमच्या तक्त्यात मात्र 'पिवळा'ला रकाना नाही, म्हणून त्याचं मत अवैध.

पलीकडं मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. 1937 साली ते गेले. उरुसात तिथं अजून गाण्याची हजेरी लागते. तिथं कुणी तक्ता घेऊन बसत नाही. कापायचे ते गुण दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कापले जातात, कलाकार गावाबाहेर गेल्याची खात्री करून. आमच्याकडं ती अडचण नाही. गिलमोर कुपवाडला येण्याची शक्यता कमी.

तर 'डार्क साइड'चा निकाल: सरासरीनं साडेआठ. शेडमालकांनी स्पीकर आपला असल्याचं लक्षात आणून दिल्यावर पावणेनऊ.

पुढच्या शनिवारी क्वीनचा 1975चा 'अ नाइट ॲट द ऑपेरा'. फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, 1958 साली तिथंच पोरांचा बँड काढला, हे जगाला ठाऊक आहे. पण आमच्या करसल्लागारांची सासुरवाडी वाईची. पसरणी घाट चढला की पाचगणी, म्हणजे फ्रेडी 'आमच्या हिच्या माहेरचा' असं त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय आणि दोन गुणांची आगाऊ मागणी नोंदवलीय. म्हणून सर्वांना नम्र विनंती: ज्यांची सासुरवाडी वाई, पाचगणी किंवा महाबळेश्वरात आहे त्यांनी यावं, ऐकावं, चहा घ्यावा, पण मतदानाला बसू नये. भडंग बंद. शेंगदाणे चालतील, भाजलेले नकोत.