‘नाही’ म्हणणारी वायर कापणाऱ्या भाऊंना खुले पत्र

प्रिय रिमोटवाले भाऊ,


पत्र लिहिण्यास कारण की, तुम्ही बसवलेला रिमोट स्टार्टर अखेर चालू झाला. नुसता चालू झाला नाही, तर गाडीही चालू लागली. मी दुकानाच्या पायरीवर, गाडी वीस पावलांवर आणि गाडीत चिटपाखरू नाही. बटण दाबलं, सेल्फ लागला आणि गाडीनं पुढं उडी मारली. समोर कापडाच्या गाठी लादलेला ठेला होता. ठेलेवाला नेमका पाणी प्यायला बाजूला झाला होता, म्हणून तुम्हाला पत्र लिहितो आहे. नाहीतर आज ठाण्यात बसून जबाब लिहीत असतो.

तुमच्याकडे मी आलो ते उन्हापायी. ज्या शहरानं २३ मे २०१३ला ४७.९ अंश पाहिले, त्या शहरात नवतपातल्या दुपारी गांधीबागेत उभ्या केलेल्या गाडीचं स्टिअरिंग धरून बघा, म्हणजे कळेल. कॅनडातले लोक घरबसल्या गाडी गरम करायला हे यंत्र वापरतात. मला ती थंड करायची होती. गिऱ्हाइकाला साड्या दाखवता दाखवता बटण दाबायचं, दहा मिनिटांनी गारेगार गाडीत बसायचं, एवढीच हौस.

तुमची पहिली करामत आठवते? बटण दाबलं की इंजिन लागायचं आणि दोन सेकंदांत विझायचं. कारण साधं होतं. चावीतली चिप सापडत नाही म्हटल्यावर इमोबिलायझर इंजिन बंद पाडत होता. म्हणजे चोराला थांबवण्याचं आपलं काम तो चोख करत होता. तुम्ही माझी जादा चावी मागून घेतली, काळ्या चिकटपट्टीत गुंडाळली आणि डॅशबोर्डखाली कायमची बांधून टाकली. खरं तर त्या चिपचा संकेत फक्त रिमोटनं सुरू करताना पोचावा, अशी सोय करता येते. पण तुम्ही दिलदार माणूस. चोरालाही पोचू दिलात.

दुसरी तक्रार अशी की दिवे लुकलुकायचे, सेल्फ लागायचा नाही. बोनेटखाली एक छोटी कळ असते. बोनेट उघडं असेल तर यंत्र सुरूच होत नाही, कारण आत कुणा मिस्त्रीचा हात पट्ट्यापाशी असू शकतो. तुम्ही ती कळ इतकी खाली बसवली होती की बंद बोनेट तिला टेकतच नव्हतं. बिचारीला वाटायचं, झाकण उघडंच आहे. कळ बोटभर वर घ्यायची होती. तुम्ही म्हणालात, “काही नाही भाऊ, सेन्सर नाटक करून राहिला. वायर कापून टाकू?” मी म्हणालो, “हओ भाऊ, कापा.”

तिसऱ्या खेपेला तर तुम्ही कळस केलात. माझी गाडी हातानं गिअर टाकायची. अशा गाडीसाठी यंत्राची एक शिस्त असते. इंजिन चालू ठेवून गाडी न्यूट्रलला आणायची, हँडब्रेक ओढायचा, खाली उतरायचं, दार लावायचं. मगच यंत्र स्वतः इंजिन बंद करतं. गाडी गिअरमध्ये असती, तर क्लच सोडताच बंद पडली असती. चालत्या इंजिनासकट माणूस उतरला, म्हणजे ती न्यूट्रलला आहे, हा पुरावा. पुढं कुणी दार उघडलं की पुरावा रद्द. किती सोपी आणि किती शहाणी युक्ती! पण मी कुरकुरलो, की रोज एवढा सोपस्कार कोण करणार. तुम्ही हसून ऑटोमॅटिक गाडीची सेटिंग केली आणि हँडब्रेकची वायर कायमची अर्थला जोडली. क्लचची कळ तर आधीच टाळून ठेवली होती. “आता एकदम मख्खन!”

मख्खनच! कारण वडिलांनी शिकवलेलं मी विसरलो नव्हतो. गाडी लावली की पहिला गिअर टाकायचा, हँडब्रेकवर विसंबायचं नाही. त्या दुपारीही तसंच केलं होतं.

ठेल्याचं नुकसान भरून दिल्यावर बाजूच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बॅटरीवाल्याला गाडी दाखवली. त्यानं टेस्ट लॅम्प लावून अर्ध्या तासात तुमची सगळी कलाकुसर उलगडली. मी विचारलं, यंत्रात खोट काय? म्हणाला, “यंत्रात खोट नाही बाप्पा. ते तीनदा नाही म्हणालं, तुम्ही तिन्हीदा त्याची जीभ कापली.”

भाऊ, इंजिन फिरवायला अक्कल लागत नाही. बारा व्होल्ट दिले की सेल्फ गाढवासारखा फिरतो. रिमोट स्टार्टरची सगळी अक्कल, कधी फिरायचं नाही, हे कळण्यात आहे. तुम्ही मला अक्कल विकलीत, पैसे घेतलेत आणि मग ती थोडी थोडी कापून परत नेलीत.

१९१२च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा सेल्फ आला, त्याआधी गाडीच्या तोंडाशी उभं राहून हँडल मारावं लागे. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं आणि गाडी गिअरमध्ये राहिली तर ती अंगावरच यायची. म्हणून हँडल मारणारा आधी न्यूट्रल बघून घेई; नडग्या त्याच्याच होत्या ना! तुमच्या कृपेनं बटण दाबणारा वीस पावलं मागं आला. नडग्या ठेलेवाल्याच्या.

आणि कायद्याचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याचं १२६वं कलम सांगतं की सार्वजनिक जागी गाडी उभी करताना एकतर परवानाधारक माणूस चालकाच्या जागेवर हवा, नाहीतर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला, किंवा गाडी चुकूनही हलणार नाही असा बंदोबस्त हवा. आपण दोघांनी मिळून तो बंदोबस्तच कापला.

तेव्हा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचा सत्कार योजला आहे. १८८१ पासून काळी आणि १८८५ पासून पिवळी मारबत काढणाऱ्या या शहराला कुणाला कसं मिरवावं, ते बरोबर कळतं. गल्लीतल्या पोरांना तुमचा बडग्या, म्हणजे मिरवायचा पुतळा, करायला सांगितला: एका हातात पक्कड, दुसऱ्यात चिकटपट्टी, गळ्यात पाटी. पोरांनी सगळी हकीगत ऐकून घेतली. मग त्यातलं एक कार्टं म्हणालं, “काका, दर वेळी ‘हओ भाऊ, कापा’ कोण म्हणत होतं?”

आता दोन बडगे निघणार आहेत. दुसऱ्याच्या हातात रिमोट असेल.

आपला,
गांधीबागेतला एक साडीवाला

ता. क. : डॅशबोर्डखालची चावी मी सोडवून घेतली आहे. कापलेल्या वायरी जोडायला मात्र तुमच्याकडे येणार नाही. ते काम म्हाताऱ्याला दिलं आहे. त्याची एकच अट आहे, की जोडणी होईस्तोवर मी त्याला घाई करायची नाही.