गाठ गवताशी आहे!

चौदा इंच बाय अठरा इंच, लांबी तीन फूट, वजन वीस-बावीस किलो, अंगावर दोन सुतळ्या. वाळल्या गवताची चौकोनी गाठ एकटी भेटली तर फार सभ्य वाटते. धरायला सुतळी असते, मांडीचा टेकू दिला की वर येते, आणि उचलणाऱ्याला आपण अजून तरुण असल्याचा भास होतो. अशा सहाशे गाठी रानभर पसरल्या आहेत आणि पश्चिमेकडून ढग चढत आहेत, अशा वेळी मात्र तिचा खरा स्वभाव कळतो.

मला तो स्वभाव आधीच कळायला हवा होता. कारखान्यातला माल माणसाचा हात न लागता इकडून तिकडे कसा न्यावा, हे सांगण्याचा मी उभा जन्म पगार घेतला. मोटारीच्या कारखान्यांतले सरकते पट्टे, उचलयंत्रं, फिरते हात यांची आखणी हेच माझं काम. निवृत्त झालो आणि पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर काऊंटीच्या कडेला बारा एकर जमीन घेतली. हेतू उदात्त नव्हता. या राज्यात ‘क्लीन अँड ग्रीन’ नावाचा कायदा आहे. दहा एकर किंवा त्याहून जास्त जमीन शेतीखाली ठेवली, तर मालमत्ता कर बाजारभावावर न लागता शेतीमूल्यावर लागतो. त्यातून कर किती वाचला आणि तो वाचवायला मी किती डॉलर रानात घातले, हा विषय आमच्या घरी पाहुण्यांसमोर काढत नाहीत.

बारापैकी आठ एकरांत गवत होतंच. गवताला पेरणी नाही, खुरपणी नाही, म्हटलं हेच बरं. गिऱ्हाईकही ठरलेलं होतं. गाईंच्या गोठ्यांनी इथे केव्हाच मोठ्या गोल गाठी पत्करल्या आहेत. त्या चार-पाचशे किलोंच्या, ट्रॅक्टरशिवाय हलत नाहीत. लहान चौकोनी गाठ टिकून आहे ती हौशी घोडेवाल्यांमुळे. शाळेला जायच्या आधी जी मुलगी आपल्या घोड्याला चारा घालते, तिला उचलता येईल एवढीच गाठ त्यांना हवी असते. सुतळी कापली की गाठीच्या आपोआप वड्या सुटतात, आणि सकाळी किती वड्या, संध्याकाळी किती, असं घोड्याचं पान वाढता येतं. त्यासाठी ते किलोमागे चार पैसे जास्तही मोजतात.

या गाठीचं माहेर तर आमच्या शेजारीच. विस्कॉन्सिनच्या जॉन ॲपलबीने १८७८ च्या सुमारास सुतळीला आपोआप गाठ मारणारी पोलादी चोच तयार केली. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस याच लँकेस्टर काऊंटीतल्या एडविन नोल्ट यांनी रानातलं गवत उचलून, दाबून, स्वतःच बांधून टाकणारं यंत्र बनवलं. १९४० मध्ये न्यू हॉलंड कंपनीने ते बाजारात आणलं, आणि कंपनीला नाव देणारं न्यू हॉलंड गावही इथलंच. म्हणजे बांधायचा प्रश्न सुटून ऐंशी वर्षं उलटली. उचलायचा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा असतो.

तो सोडवायला मी एक्सेलची फाइल उघडली.

आमच्या धंद्यात एक कसोटी असते: मालाला माणसाचा हात किती वेळा लागतो? जुनी रीत अशी, की रानातून वॅगनवर एकदा, वॅगनवरून एलेव्हेटरवर दुसऱ्यांदा, आणि माळ्यावर रचताना तिसऱ्यांदा. एलेव्हेटर म्हणजे साखळीवर गाठी चढवत नेणारी लांब तिरकी पन्हळ. याहून पुढची पायरी किकरची. गाठी बांधणाऱ्या बेलरच्या मागे बसवलेलं हे यंत्र प्रत्येक गाठ उंच भिंतींच्या वॅगनमध्ये भिरकावतं. रानात माणूस लागत नाही, पण वॅगनमध्ये गाठी अशा पडतात की उपसताना आपण शिव्यांचा साठा तपासून घेतो. तरीही हात दोनदाच. मग आपोआप गाठी वेचणारी बेल वॅगन. ती रानातून एकेक गाठ उचलते, थर लावते, कोठारात जाऊन उभी होते आणि शंभरेक गाठींची आयती भिंत मागे ठेवून निघून येते. हात शून्य. तिच्याहून वरच्या जातीचं यंत्र २१ गाठींचा गठ्ठा करून त्याला पोलादी पट्ट्या आवळतं. त्याची किंमत मी हिला सांगितली नाही. ते आमच्या संसाराच्या हिताचं होतं.

माझ्या तक्त्यात पहिला आला अ‍ॅक्युम्युलेटर आणि ग्रॅपलचा जोड. अ‍ॅक्युम्युलेटर बेलरच्या मागे ओढायचा. मागून येणारी गाठ पुढचीला ढकलते, झडपा उघडमीट करतात, ओळी लागतात, आणि दहा गाठी झाल्या की तो त्यांचा चौकोन जमिनीवर ठेवून पुढे जातो. ग्रॅपल ही ट्रॅक्टरच्या लोडरला लावायची चौकट. वरून टेकवली की तिचे वाकडे आकडे गाठींत रुततात आणि दहाच्या दहा एकदम वर येतात. खर्च मध्यम, हात शून्य. फाइलला मी तीन रंग दिले आणि दोन्ही यंत्रं जुन्या बाजारातून घेऊन आलो.

तेव्हा आमच्या परसात एक एलेव्हेटर आधीपासून पडून होता. त्याची जबाबदारी माझ्यावर नाही, माझ्या मानेवर आहे. वसंतात या भागात ‘मड सेल’ भरतात. स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या मदतीसाठी लोक गोधड्या, बग्ग्या, जुनी अवजारं लिलावाला देतात. बर्फ नुकता वितळलेला, पाय घोट्यापर्यंत चिखलात, म्हणून नावही चिखलाचंच. मी नुसता बघायला गेलो होतो. पण पुकारणाऱ्याची लय इतकी पक्की, की कीर्तनाला बसल्यासारखी माझी मान डोलू लागली. तिथे मान डोलवण्याचा अर्थ एकच. बत्तीस फुटी गंजका एलेव्हेटर माझ्या नावे झाला. एवढ्या आधुनिक घरात ही कसली अडगळ, म्हणून मी तो कुंपणाशी तिरका लावून ठेवला, आणि पुढच्या मे महिन्यात हिने त्याच्या बुडाशी घोसाळ्याच्या बिया टोचल्या.

जूनमध्ये पहिली कापणी झाली. गाठी बांधून देणारा ठेकेदार आला, माझा अ‍ॅक्युम्युलेटर जोडला आणि म्हणाला, “रान उताराचं आहे हं.” मी म्हटलं, “थोडंसंच.” उतार किती चालतो हे एक्सेलमध्ये नव्हतं. सपाटीवर यंत्राने दहाचा चौकोन इतका सुबक ठेवला, की मी फोटो काढून मुलाला पाठवला. उतारावर गाठी खालच्या अंगाला सरकू लागल्या. चौकोनाऐवजी कुठे सात नि तीन, कुठे पाच आडव्या आणि बाकीच्या तिरक्या. ग्रॅपलचा सगळा भरवसा गाठी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असण्यावर. सैल चौकोन उचलला की मधल्या गाठी गळून पडतात, आणि ट्रॅक्टरवाला उतरून त्या हाताने गोळा करतो.

ट्रॅक्टरचं म्हणणं वेगळंच होतं. लोडर पाचशे किलो उचलेल असं पुस्तिकेत लिहिलं होतं. पण तो आकडा लोडरच्या खिळीपाशी मोजलेला असतो. ओझं तिच्यापुढे जितकं लांब, तितकं कमी पेलतं. सव्वादोनशे किलो गवत, वर ग्रॅपलचं वजन, आणि उतार. मागची चाकं हलकी झाली आणि एक हवेत तरंगलं. मागे वजन बांधल्याशिवाय लोडर वापरू नये, हे मी कारखान्यात नव्या पोरांना किती वेळा बजावलं असेल. ही व्हरांड्यातून ओरडली, “अहो, खाली ठेवा ते!” मी ठेवलं. हायड्रॉलिकपेक्षा तिच्या आवाजाचा दाब जास्त आहे.

तरीही चारेकशे गाठी कोठारापर्यंत आल्या. आमचं कोठार जुन्या पेनसिल्व्हेनिया धाटणीचं आहे. टेकडीच्या पोटात बांधलेलं, खाली जनावरांचा गोठा, आणि वरच्या मजल्यावर टेकडीच्या बाजूने थेट गाडी आत नेता येईल असा लाकडी माळा. बांधणाऱ्यांनी ही सोय घोडे आणि वॅगनसाठी केली होती. मी ट्रॅक्टर दाराशी आणला, तेवढ्यात शेजारचे आमिश पंथातले आजोबा कुंपण ओलांडून आले. त्यांनी काठीने फळ्या ठोकून पाहिल्या आणि सौम्यपणे विचारलं, “तुमच्या ट्रॅक्टरचं वजन किती?” मी सांगितलं. त्यांनी खालच्या गोठ्याकडे पाहिलं, मग ट्रॅक्टरकडे, मग पुन्हा गोठ्याकडे. पुढचं बोलायची गरज नव्हती.

म्हणून ग्रॅपलने आणलेल्या दहा-दहाच्या सगळ्या तुकड्या दारात उतरल्या आणि तिथून एकेक गाठ हाताने आत गेली. निम्म्या आत, निम्म्या बाहेर, आणि पाऊस आला. भिजलेली गाठ कोठारात रचायची नसते. गवतातला ओलावा अठरा-वीस टक्क्यांच्या वर गेला की बुरशी धरते, गाठ आतून तापते, आणि अशी गंज दोन-तीन आठवड्यांत स्वतःहून पेटूही शकते. हे सगळं मी वाचलेलं होतं. पण कोसळत्या पावसात रात्री आपलं गवत बाहेर भिजताना पाहवत नाही, हे कुठल्याच पुस्तकात छापलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या अभिमानाने गावाकडच्या काकांना व्हिडिओवर गंज दाखवली. काका सांगली जिल्ह्यातले. त्यांनी रचलेल्या कडब्याच्या गंजीत पावसाळाभर पाण्याचा थेंब शिरत नसे. त्यांनी डोळे बारीक केले. “आरं, ह्यो ढीग हाय का गंजी? थराला थर आडवा घातला न्हाईस. सांधं एकावर एक आल्यात. कुशीला कलाय लागलीय बघ.” मी सांगितलं, इथल्या गाठी चौकोनी असतात, त्यांना तशी गरज नसते. काका म्हणाले, “विटाबी चौकोनीच असत्यात की.” संध्याकाळी गंजीची एक कूस ढासळली. काकांचा फोन मी दोन दिवस उचलला नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी आमिश आजोबांनी उरलेल्या गंजीत कोपरापर्यंत हात घातला आणि लगेच काढला. मी लांब दांडीचा तापमापक आणून खुपसला, पंचावन्न अंश सेल्सिअस. पासष्टच्या पुढे धोका सुरू होतो. ऐंशीच्या आसपास आत जळते खिसे तयार झालेले असतात, अग्निशमन दल येईपर्यंत गंजीला हात लावायचा नसतो, कारण हवा मिळाली की ती भडकते, आणि वरून चालणारा माणूस आत कोसळू शकतो. ज्या दलाच्या मदतीसाठी मी मान डोलवली होती, त्याच दलाला घरी बोलवायची वेळ येऊ नये, म्हणून आम्ही सगळी गंज उपसून उन्हात पसरली. माझ्या कसोटीप्रमाणे आता प्रत्येक गाठीला हात लागण्याचा हिशेब पाचावर गेला होता. घोडेवाल्यांनी त्या घेतल्या नाहीत. एका भाजीवाल्याने वाफ्यांवर अंथरायला जवळजवळ फुकट नेल्या.

ऑगस्टच्या कापणीला आजोबा आपले नातू घेऊन आले. गवताच्या टोप्या, पायात काही नाही. त्यांनी परसात फिरून एलेव्हेटरपाशी बोट केलं. ही मध्ये उभी राहिली. घोसाळी ऐन बहरात होती. बरीच घासाघीस झाल्यावर वरचा अर्धा भाग मोकळा करायचं ठरलं, मग वेल उलगडून तारेवर चढवली आणि सगळाच सुटला. साखळीला तेल पाजलं, मोटर लावली आणि ती गंजकी पन्हळ खडखडत गाठी माळ्यावर नेऊ लागली. वर दोन पोरं, खाली एक, वॅगनवर एक. खालचा थर लाकडी पॅलेटवर, आडव्या कुशीवर, म्हणजे सुतळी बाजूला राहते आणि कुजत नाही. पुढचा थर आडवा, त्याच्यावरचा पुन्हा उभा. काकांनी व्हिडिओवर पाहिलं आणि म्हणाले, “ही पोरं कुणाची?” माझ्याविषयी काही विचारलं नाही.

मजुरी द्यायला गेलो तर आजोबांनी मान हलवली. आमिश लोक मोटार चालवत नाहीत, पण दुसऱ्याच्या मोटारीत बसतात. त्यांना दातांच्या डॉक्टरकडे, पलीकडच्या काऊंटीतल्या लेकीकडे, बियाण्यांच्या दुकानात जायचं असतं. तेव्हा मी गाडी हाकायची, आणि पोरांनी माझं गवत रचायचं. मालवाहतूक तज्ज्ञाचा इथला खरा भाव मला त्या दिवशी कळला: ड्रायव्हर.

विचारणाऱ्यांना मी आता एवढंच सांगतो. पाच-सातशे गाठींपर्यंत चांगला एलेव्हेटर आणि चार हात यांच्यावर पैसे घालावेत. गाठी हजारांत जात असतील, रान सपाट असेल आणि कोठाराला सिमेंटची जमीन नि उंच दार असेल, तर ग्रॅपल सोन्याचा. त्याच्याही पुढे जायचं असेल तर बेल वॅगन. यंत्राची किंमत विचारण्याआधी दाराची उंची आणि फळ्यांची जाडी मोजा, आणि ट्रॅक्टरच्या मागे वजन बांधा.

बाकी कुणाला हवे असतील, तर अ‍ॅक्युम्युलेटर आणि ग्रॅपल दोन्ही विकायचे आहेत. मी एकच हंगाम वापरलेले, आकडे शाबूत, रंग थोडा उडालेला. न्यायला येताना मोठा ट्रेलर आणा. पोचवायला मी येणार नाही, शनिवारी आजोबांना लेकीकडे सोडायचं आहे.